तिसरं कोटेशन

पुष्पावतीबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले आणि तांब्यांच्या घरात एक खुर्ची आणायचं ठरलं. खरं म्हणजे गोष्ट एवढीच होती. डॉक्टरांनी सांगितलं, "मावशी, खाली मांडी घालून जेवणं आता बंद," आणि औषधांच्या चिठ्ठीवर शेवटी तसं लिहूनही दिलं. राहुरीत कुणीही माणूस सकाळी दहाला खुर्ची आणायला निघाला तर सव्वादहाला ती डोक्यावर घेऊन परत येतो. पण अजिनाथ तांबे म्हणजे कुणीही नव्हेत.

तांबे कृषी विद्यापीठाच्या भांडार विभागातून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून टाचणीसुद्धा तीन कोटेशनांशिवाय खरेदी झाली नव्हती. तीन दुकानांचे भाव मागवायचे, तुलनात्मक तक्ता करायचा, शेरा मारायचा, मग खरेदी. निवृत्तीच्या दिवशी विद्यापीठानं त्यांची खुर्ची काढून घेतली, नारळ आणि शाल दिली, पण ही सवय काही काढून घेतली नाही. ती तशीच घरी आली. घरच्या कुकरची रिंग, देवघरातली घंटा, गच्चीवरची टाकी, सगळ्याला तीन कोटेशनं. एकदा छत्रीचे भाव जूनमध्ये मागवले आणि छत्री आली तेव्हा पाऊस संपून कांद्याची रोपं लागली होती. मुलीच्या, म्हणजे दिपालीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याची तीन कोटेशनं घेतली, तेव्हा व्याह्यांनी घाबरत घाबरत विचारलं होतं की नवरदेवाची किती घेतली होती.

"खरेदी डोक्यानं करायची असते, मनानं नाही," हे तांब्यांचं ठाम मत. दुकानदार पाणी पाजतो तेव्हा सावध व्हावं. चहा मागवतो तेव्हा उठावं. पोटात भूक असताना मंडईत जाऊ नये आणि मनात काही सलत असताना कापडदुकानात जाऊ नये. हे सगळं ते कॉलनीतल्या कुणालाही, न विचारता, फाटकात उभं राहून सांगत असत.

खुर्चीसाठी त्यांनी पितृपक्ष निवडला.

"अहो, पितरांच्या दिवसांत नवीन वस्तू घ्यायची?" पुष्पावतीबाई म्हणाल्या.

"म्हणून तर! दुकानात गिऱ्हाईक नाही, दुकानदार माश्या मारतोय. भाव करायला अख्ख्या पंचांगात याच्याइतका चांगला पंधरवडा नाही."

"घ्या मग. पण घटस्थापनेपर्यंत ती माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. माझे गुडघे थांबतील पंधरा दिवस."

दोन कोटेशनं राहुरीतच मिळाली. तिसऱ्या दुकानदारानं मात्र तांब्यांना लांबून पाहिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. आता दोन कोटेशनांवर खरेदी करणं तांब्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणून तिसऱ्यासाठी ते एसटीनं नगरला गेले. तिकिटावर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी नगर, अशी तफावत त्यांनी लगेच मनात टिपून ठेवली. जाताना जेवले नाहीत, कारण चतुर्थीचा उपास होता. आदल्या रविवारी मुलाचा, सचिनचा फोन आला नव्हता, तेही मनात सलत होतं. म्हणजे स्वतःचे दोन्ही नियम मोडूनच ते घरातून निघाले होते, पण ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मनमाड रस्त्यावरचं ते फर्निचरचं दुकान म्हणजे काचेचा राजवाडाच होता. बाहेर भाद्रपदाचं ऊन अंगाला चटके देत होतं आणि आत पाऊल टाकताच गार वाटलं. नव्या लाकडाचा वास, कुठूनतरी हळू आवाजात सनई. अख्ख्या दुकानात एकही गिऱ्हाईक नाही. हर्षल नावाचा टाय लावलेला विक्रेता पाण्याचा ग्लास घेऊन आला. तांब्यांनी पाणी नाकारलं. मग उन्हानं घसा कोरडा पडला होता म्हणून प्यायले.

"साधी खुर्ची हवीय. एक. मला कोटेशन द्या."

"खुर्च्या एकदम मागे आहेत काका. या ना."

खुर्च्या मागे का असतात, हे तांब्यांना पक्कं ठाऊक होतं. वाटेत बाकीचं सगळं दिसावं म्हणून. ते नाकासमोर बघत चालले. सोफ्यांना त्यांनी दाद दिली नाही. पलंगांकडे तर बघितलंही नाही. आणि मग ते टेबल समोर आलं.

आठ खुर्च्यांचं जेवणाचं टेबल. त्यावर आठ ताटं मांडलेली, आठ पेले पालथे घातलेले, मधोमध टोपलीत खोटे आंबे. वरून पिवळा उजेड सोडलेला. जेवायची वेळ झालीय आणि घरातली माणसं हात धुवायला गेलीत, एवढंच काय ते बाकी होतं.

"घरी किती जण, काका?" हर्षलनं सहज विचारलं.

दोन, असं म्हणायला तांब्यांनी तोंड उघडलं आणि आतून "आठ" असं बाहेर पडलं.

आता हे अगदीच खोटं नव्हतं. ते आणि पुष्पावती दोन. कॅनडातला सचिन, सून अश्विनी आणि नात ओवी, हे पाच. बेंगळुरूची दिपाली, जावई आणि त्यांचा मुलगा धरून आठ. फक्त हे आठ जण एका घरात नव्हते, एका देशातही नव्हते. पण हा प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर तयार होतं.

"मग बसून बघा ना. तिथं नको, टोकाच्या खुर्चीवर. घरातल्या मोठ्या माणसाची जागा तीच."

तांबे बसले. आणि बसल्या बसल्या त्यांनी माणसं बसवून टाकली. समोरच्या टोकाला पुष्पावती, गुडघे न दुखता. तिच्या हाताशी दिपाली, म्हणजे दोघींना कुजबुजता येईल. जावई खिडकीकडे, त्यांना उकडतं. सचिन डावीकडे, कारण तो आमटीत भाकरी कुस्करून खातो आणि ते बघायला तांब्यांना आवडायचं. ओवी उजवीकडे, अगदी जवळ. सगळे मिळून शेवटचे राहुरीला आले होते त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हाही स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून पंगती दोन झाल्या. पुरुष आधी, बायका मागून, आणि तोवर पोरं पेंगलेली. सगळे एकदम जेवलेत असं त्या वेळी झालंच नव्हतं. आणि ते झालं नव्हतं हे तांब्यांच्या आज, या दुकानात, पिवळ्या उजेडात ध्यानात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"हा शेवटचाच पीस आहे काका. दसऱ्याला राहणार नाही," हर्षल म्हणाला.

ही जगातली सगळ्यात जुनी थाप आहे, हे तांब्यांना माहीत होतं. विद्यापीठात नव्या कारकुनांना ते हीच थाप उदाहरण म्हणून सांगत. माहीत असून त्यांना धडकी भरली. दुसरं कुणी येऊन त्या खुर्च्यांवर बसलं तर?

"पाय सुटे होतात का याचे?"

"नाही हो काका! एकसंध आहे. तेच तर याचं वैशिष्ट्य."

"छान," तांबे म्हणाले आणि त्यांनी सही केली. कोटेशन नाही, तक्ता नाही, शेरा नाही. येताना एसटीत त्यांना आठवलं की खुर्ची घ्यायची राहिली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा पुष्पावतीबाई फाटकाशी आल्या. त्यांनी एक खुर्ची उतरताना पाहिली आणि मान डोलावली. दुसरी उतरली तेव्हा त्यांनी पदर खोचला. आठवी उतरली तेव्हा त्या कट्ट्यावर खाली बसल्या. मग टेबल उतरलं.

"हे कोणाचं?"

"आपलं."

"तीन कोटेशनं घेतलीत?"

तांबे खुर्च्या मोजू लागले. चाळीस वर्षांच्या संसारात पुष्पावतीबाईंना इतका मोठा विजय कधी मिळाला नव्हता. पण त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि पुढचं बोलणं गिळून टाकलं.

टेबल दारातून आत जात नाही हे समजायला हमालांना दोन मिनिटं लागली आणि तांब्यांना अर्धा तास. उभं करून झालं, आडवं करून झालं, तिरकं करून झालं. तांब्यांनी मापाची पट्टी आणून दरवाजा तीनदा मोजला, तिन्ही वेळा तो तेवढाच भरला. अखेर हमालांनी टेबल पोर्चमध्ये ठेवलं, भोवती आठ खुर्च्या लावल्या आणि ते निघून गेले. पोर्चमधली स्कूटर त्यामुळे रस्त्यावर गेली.

तोवर शेजारपाजार गोळा झाला होता. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले छगनराव हे कॉलनीच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांनी टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "तांबे, सोपं हाय. बरोबर मधोमध करवत चालवायची. एकाची दोन टेबलं हुतील. एक मला द्या."

रोज दुधाचा रतीब घालणाऱ्या कडूबाईला हे पटलं नाही. "असं कुटं आस्तं व्हय? ते भिताड पाडा ना वाईच. टेबल आत गेलं की पुन्ना बांधायचं."

कुणी खिडकीचे गज कापायला सांगितले. कुणी म्हणालं, क्रेननं गच्चीवर घ्या आणि तिथंच जेवा, हवेशीर होईल. प्रत्येक जण सल्ला देताना एकेका खुर्चीवर बसत होता आणि सल्ला देऊन झाल्यावरही उठत नव्हता. पुष्पावतीबाईंना सगळ्यांचा चहा करावा लागला.

"आणि ऐका," कडूबाई बशीतला चहा फुर्र करून म्हणाली, "पित्तरपाटात आनलंय ना? मग भाईरच हाय ते बरं हाय. आत नेऊच नगा."

दोन दिवसांनी छगनरावांनी नोटीस आणून दिली. विषय: सामाईक रस्त्यावर दुचाकी उभी करण्याबाबत. सात दिवसांत खुलासा करावा. खाली चेअरमन म्हणून त्यांचीच सही. नोटीस दिली, पोच घेतली आणि छगनराव तिथंच टेबलाशी बसून पेपर वाचू लागले. तांब्यांनीही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून खुलासा लिहिला. संदर्भ: आपली आजची नोटीस. सदर दुचाकी ही सदर टेबलामुळे व सदर टेबल हे सदर दरवाजामुळे बाहेर असून दरवाजा सोसायटीच्या मंजूर नकाशाप्रमाणेच आहे. छगनरावांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "लई मुद्देसूद लिवता राव तुमी." मग दोघांनी मिळून चहा घेतला.

खरं सांगायचं तर टेबल पोर्चमध्ये रमलं. दुपारी शेजारणी त्यावर मेथी निवडत. कडूबाई दूध घालून झालं की हक्कानं टोकाच्या खुर्चीवर, म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाच्या जागेवर, टेकत असे. तांब्यांना ते बघवत नसे. दशमीला त्यांच्या वडिलांची तिथी होती. गच्चीवर पान ठेवलं, खीर-वडे वाढले, तासभर वाट पाहिली, एकही कावळा फिरकला नाही. शेवटी पान घेऊन ते खाली आले, क्षणभर टेबलावर ठेवलं आणि कुठूनतरी कावळा आला, टोकाच्या खुर्चीच्या पाठीवर बसला आणि त्यानं वडा उचलला.

"बघा, मामंजींना टेबल आवडलं," पुष्पावतीबाई म्हणाल्या.

वडील उभा जन्म पाटावर बसून जेवले होते. पण तांब्यांना उगाच बरं वाटलं. मनात आलं, आता सचिनचा फोन आला की सांगू, दिवाळीला या, सगळे या, बसायला जागा केलीय.

फोन त्याच संध्याकाळी आला. तांब्यांनी मोबाईल फिरवून टेबल दाखवलं, एकेक खुर्ची दाखवली, कोण कुठं बसणार ते सांगितलं. 

"बाबा, मस्तय. खरंच मस्तय. पण या वर्षी रजा नाही हो मिळत. पुढच्या वर्षी नक्की."

दिपालीचाही तोच सूर. मुलाच्या परीक्षा, जावयांचं ऑफिस. तांबे "काही हरकत नाही, काही हरकत नाही" असं दोनदा म्हणाले. मग उठून त्यांनी ताडपत्री आणली आणि टेबलावर घातली.

"परत करू," ते म्हणाले.

दुकानाच्या मदतक्रमांकावर एका मुलीनं फोन उचलला. त्याआधी वीस मिनिटं सनई ऐकावी लागली.

"परत करण्याचं कारण सांगा सर. वस्तू तुटलेली आहे, रंग वेगळा आहे, माप चुकलं, की आवडली नाही?"

तांबे विचारात पडले. टेबल धड होतं. रंग तोच होता. आवडलं नाही म्हणावं तर जीभ रेटेना. माणसं येणार नाहीत, असं कारण त्यांच्या यादीत नव्हतं.

"सर, कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

"माप चुकलं," तांबे म्हणाले.

मुलीनं सांगितलं की मुदत उद्यापर्यंतच आहे आणि बिल घेऊन स्वतः दुकानात यावं लागेल, मग टेम्पो पाठवू. झालं! तांब्यांनी आयुष्यभर निकृष्ट माल दुकानदारांच्या तोंडावर परत केला होता. पण त्या हर्षलसमोर जाऊन, घरी आठ नाहीत, दोनच आहेत, हे कसं सांगायचं? रात्री त्यांना झोप लागली नाही.

"मी जाते," सकाळी पुष्पावतीबाई म्हणाल्या. "तुम्हाला नाही जमायचं. तुम्ही तिथून सोफा घेऊन याल."

"बघ हं, तो पाणी देईल. घेऊ नको. इकडेतिकडे बघू नको. नाकासमोर जायचं, अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, यायचं."

"मला शिकवू नका. मी कधी उगाच काही घेतलंय?"

हे मात्र खरं होतं. बाईंनी चाळीस वर्षांत स्वतःहून सुईदोऱ्यापलीकडे काही आणलं नव्हतं. साड्यासुद्धा भावांनी दिलेल्या. तांबे निर्धास्त झाले. त्यांनी ताडपत्री काढली, खुर्च्या फडक्यानं पुसल्या आणि परत द्यायची वस्तू स्वच्छ द्यावी म्हणून टेबलही पुसलं. पुसता पुसता उजवीकडच्या खुर्चीशी त्यांचा हात जरा रेंगाळला. दुपारी कडूबाई आली, ताडपत्री नाही बघून म्हणाली, "चाललं का व्हय टेबल? आता मी बसू कुटं?" आणि खरोखरच डोळ्याला पदर लावून गेली.

बाई परतल्या तेव्हा उन्हं कलली होती. फाटकाशी रिक्षा थांबली. आधी पुष्पावतीबाई उतरल्या. मग रिक्षावाल्यानं मागून एक भलंमोठं खोकं उतरवलं आणि टेबलावर आणून ठेवलं.

"टेम्पो कधी येतोय?" तांब्यांनी विचारलं.

"येणार नाही." बाईंनी पर्समधून बिल काढून त्यांच्या हातात दिलं. अर्ज त्याला टाचलेला तसाच होता. "आधी हे उघडा."

तांब्यांनी खोकं उघडलं. आत लहान मुलाला जेवायला बसवायची उंच खुर्ची होती. पुढे ताटलीपुरती फळी, पडू नये म्हणून पट्टा, पाठीला पिवळ्या बदकांचं चित्र.

"अहो, टेबल केवढं उंच आहे," पुष्पावतीबाई घाईघाईनं सांगू लागल्या. "ओवीची हनुवटीसुद्धा पोचायची नाही वरपर्यंत. मग तिनं जेवायचं कसं? तुमच्या ध्यानात आलं का हे? घेताना निदान एवढा विचार तरी करायचा. मी तिथं ताटं मांडलेली बघितली आणि माझ्या पहिलं मनात आलं ते हेच."

"पाणी प्यायलीस?"

"उन्हातून गेले होते. प्यायले."

"कोटेशन?"

"तो मुलगा म्हणाला, काकू, घरी लहान कोण आहे? मी म्हटलं, आहे की."

तांबे खुर्ची निरखत होते. खालच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. चौतीस वर्षांची सवय, वस्तूवरचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय ते राहत नसत. ते वाकले. वय सहा महिने ते दोन वर्षे.

तीन वर्षांपूर्वी ओवी आली होती तेव्हा दीड वर्षाची होती. पुष्पावतीबाईंनी तिला मांडीवर घेऊन मऊ वरणभात भरवला होता, आणि त्यांच्या लेखी ती तिथंच, मांडीएवढी राहिली होती. आता ती साडेचार वर्षांची होती. गेल्या महिन्यातच तिनं सायकल चालवून दाखवली होती, पण ती मोबाईलच्या काचेत, आणि काचेत माणूस किती मोठा झाला ते कळत नाही. या खुर्चीत आता तिचा एक पायसुद्धा मावला नसता.

"काय लिहिलंय?" पुष्पावतीबाईंनी विचारलं. चष्मा त्यांच्या पर्समध्येच होता.

तांब्यांनी नखानं चिठ्ठीची कड सोडवली, अलगद ती काढली, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"कंपनीचं नाव आहे. माल चांगला आहे," ते म्हणाले. "मापात बसतंय."

"मी म्हटलंच होतं."

मग त्यांनी ती उंच खुर्ची टेबलाशी, टोकाच्या खुर्चीच्या उजवीकडे लावली. बाईंनी ती उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या जागेशेजारी नेली.

"ती माझ्याजवळ बसणार," तांबे म्हणाले.

"तुम्हाला भरवता तरी येतं का? माझ्याजवळ."

"टेबल कोणी आणलं?"

"खुर्ची कोणी आणली?"

आवाज ऐकून छगनराव आपल्या फाटकात आले, खुर्ची इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाताना थोडा वेळ बघत राहिले आणि काही न विचारता आत गेले. अखेर ती खुर्ची मधोमध ठेवायची असं ठरलं. मग पुष्पावतीबाईंनी दोन ताटं वाढून बाहेर आणली. ते या टोकाला, त्या त्या टोकाला बसल्या, आणि मीठ मागायला तांब्यांना पहिल्यांदाच घरात मोठ्यानं हाक मारावी लागली.